सात रुपये पस्तीस पैसे

रविवारची सकाळ, साडेसहा. मंडईपासून चालत जाता येईल अशा एका बागेत मी आणि माझा मित्र मेटल डिटेक्टर घेऊन उभे होतो. बागेचं नाव मुद्दाम सांगत नाहीये. यंत्र ऑनलाइन मागवलेलं, खेळण्यापेक्षा जरा बरं: एक दांडा, खाली नाश्त्याच्या ताटलीएवढी चकती, वर एक काटा आणि दोन बटणं. मित्राने ते गवतावरून फिरवलं. वाजलं. आम्ही दोघं खाली वाकलो. सोड्याच्या बाटलीचं झाकण.

पुन्हा वाजलं. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा लक्षात आलं की पलीकडे हास्यक्लबातल्या आजी-आजोबांचं हसणं थांबलंय.

सुरक्षारक्षक काका आले. "काय हरवलंय?"

"काही नाही काका," मित्र म्हणाला.

"मग शोधताय काय?"

याला उत्तर नव्हतं. मी 'छंद आहे' असं काहीतरी पुटपुटले. काकांनी यंत्राकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा यंत्राकडे. "ताई, हे आत आणू नका. लोक घाबरतात." आणि ते खरंच होतं. एक आजोबा बाकावरून उठून बाकाखाली बघत होते.

त्यांची काही चूक नव्हती. पुण्यात हे यंत्र कुठे दिसतं? दगडूशेठच्या दारात, मॉलच्या पायऱ्यांवर, मेट्रो स्टेशनात. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक झाले, १० जुलै २०१४ ला फरासखाना पोलीस चौकीच्या आवारात. आमची पिढी हात वर करून, गोल फिरून, त्या वाजणाऱ्या काठीखालून जातच मोठी झाली. इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर म्हणजे छंद असेल, पुण्यात तो बंदोबस्त आहे. तो जमिनीवर नाही, माणसांवर फिरवतात.

बागेत आम्ही नुसते सरावाला गेलो होतो. खरं काम मंडईत होतं, त्याबद्दल पुढे सांगते. पण हे सगळं सुरू झालं एका मालिकेमुळे, आणि लिहायचंय ते मुळात तिच्याबद्दल.

'डिटेक्टरिस्ट्स' ही बीबीसी फोरची मालिका. २०१४ ते २०१७ या काळात तीन सीझन आले, २०२२ मध्ये नाताळचा एक खास भाग. लिहिली मॅकेन्झी क्रूकने, दिग्दर्शित त्यानेच केली, आणि दोघा नायकांपैकी एक, अँडी, तोही तोच. दुसरा लान्स, म्हणजे टोबी जोन्स. गाव डेनबरी, काल्पनिक, इसेक्समधलं. हे दोघं फावल्या वेळात शेतांमधून डिटेक्टर फिरवतात. लान्स फोर्कलिफ्ट चालवतो. अँडी एजन्सीकडून मिळेल ते काम करतो आणि पुरातत्त्वाचा अभ्यास करतो. बायको, माजी बायको, क्लब, क्लबची बैठक, प्रतिस्पर्धी क्लब. बस. गोष्ट म्हणून कोणी विचारलं तर सांगायला एवढंच आहे.

मित्राने मला ती बघायला लावली तेव्हा दोन भागांनंतर मी त्याला मेसेज केला होता, 'यात काहीच होत नाहीये.' त्याचं उत्तर आलं, 'हो ना!' उद्गारचिन्हासकट.

काहीच होत नाही हे खरं, पण ते नीट रचलेलं काहीच-नाही आहे. दोघं झाडाखाली बसतात, डबा खातात, टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेबद्दल बोलतात. महत्त्वाचं बोलायचं असेल तर एकमेकांकडे न बघता, चकती फिरवता फिरवता बोलतात. पुरुषांची मैत्री पडद्यावर दाखवायची तर आपल्याकडे दारूची बाटली किंवा गोव्याची गाडी लागते. इथे हातात एक निरुपयोगी काम आहे, आणि ते असल्यामुळे बोलणं शक्य होतं. माझ्या मित्राला मालिका का आवडली असेल हे मला तिथे कळलं. तो दिवसभर मंडईत गाळ्यावर ओरडत असतो. सुट्टीच्या दिवशी त्याला फक्त कोणाच्या तरी शेजारी गप्प बसायचं असतं.

मालिकेतला सगळ्यात चांगला विनोद तांत्रिक आहे. बिअर किंवा सरबताच्या डब्याला उघडायची जी ॲल्युमिनियमची कडी असते, ती या दोघांना सतत सापडते. शेकड्याने. हा विनोद डिटेक्टर वापरणाऱ्यांना जास्त झोंबतो, कारण त्यामागे साधं विज्ञान आहे. यंत्राची चकती जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यात भोवरे काढणारा वीजप्रवाह तयार होतो, त्याचं स्वतःचं एक छोटं चुंबकीय क्षेत्र बनतं, आणि चकती ते परत पकडते. ते परत येताना किती उशिरा येतं, किती जोरात येतं, यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड आहे, तांबं आहे की आणखी काही. पण सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमची कडी यंत्राला जवळजवळ सारख्याच दिसतात. कडीचा त्रास नको म्हणून तो आवाज बटण फिरवून बंद केला, तर अंगठीही कायमची मुकी होते. म्हणून ज्याला सोनं हवंय त्याने प्रत्येक कडीसाठी वाकायचं.

या मालिकेतली माणसं कशी आहेत ते यातून सांगून होतं. क्लबचा अध्यक्ष टेरी बटणं जमवतो आणि त्यावर गंभीरपणे व्याख्यान देतो. क्रूक त्याला हसत नाही. म्हणजे हसतो, पण शेजारच्या काकांना हसावं तसं.

पहिल्या सीझनचा शेवट मी चार वेळा पाहिलाय. (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण या मालिकेत शेवट कळल्याने फारसं बिघडत नाही.) दोघं दिवसभर शेतात फिरून, काही न मिळता, निघून जातात. कॅमेरा त्यांच्या मागे जात नाही. तो खाली जातो. गवत, माती, मुळं, आणखी माती, आणि तिथे, त्यांच्या पायाखाली काही हातांवर, एका सॅक्सन राजाचं जहाजासकट दफन. ते आपण पाहतो, ते दोघं नाही. १९३९ मध्ये सफकमधल्या सटन हू इथे असं जहाज खरंच सापडलं होतं, त्यामुळे हे निव्वळ स्वप्नरंजनही नाही.

हा शॉट इतका सुंदर आहे की मला त्याचा राग यायला बराच वेळ लागला.

राग कशाचा? त्या जमिनीच्या शांततेचा. हजार वर्षं ती तिथे आहे आणि मधल्या काळात तिला कोणी हात लावलेला नाही. शेतमालकाने परवानगी दिली की झालं. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा आहे: तीनशे वर्षांपेक्षा जुनं सोनं-चांदी सापडलं तर कळवायचं, संग्रहालयाने घेतलं तर मोबदला मिळतो, तो शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. २००९ मध्ये स्टॅफर्डशरच्या शेतात एका छंदिष्टाला सॅक्सन सोन्याचा साठा सापडला, त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि असंच वाटप झालं. जमिनीखालचे लोक मेलेत, त्यांचं कोणी उरलेलं नाही, कोणी येऊन 'हे आमचं' म्हणत नाही. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला या दोघांना एक जुनी शिटी सापडते. ती वाजते आणि शेतात गतकाळातली माणसं दिसू लागतात. फार देखणा प्रसंग आहे. पण त्या माणसांपैकी कोणीही काही मागत नाही. भूतकाळ इथे पाहुण्यासारखा येतो, चहा न घेता जातो.

आपल्याकडे जमिनीखालच्या वस्तूला शब्द आहे तो 'गुप्तधन'. हा शब्द उच्चारून बघा. त्यात डबा खात बसलेले दोन मित्र येत नाहीत. त्यात अमावास्या येते, लिंबू येतं, मांत्रिक येतो. आणि ही नुसती कल्पना नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्ह्यांची जी अनुसूची आहे, तिच्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. त्या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. मंडईतून तिथे चालत जाता येतं.

म्हणून आपल्या मातीतली या विषयावरची सगळ्यात मोठी फिल्म भयपट असावी यात नवल नाही. 'तुंबाड' (२०१८) हिंदीत आहे, पण राही अनिल बर्वेची ही गोष्ट हाडामासाने मराठी आहे. २०२४ मध्ये ती पुन्हा थिएटरात लागली तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालली. त्यातला विनायक पुण्यात राहतो, तुंबाडला जातो, हस्तरच्या लंगोटातून मूठभर सोन्याच्या मुद्रा घेऊन परततो, आणि पैसे पुण्यात उडवतो. लोभाची गोष्ट म्हणून तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला दुसऱ्यांदा बघताना वाटलं की ती लोभाइतकीच संशयाची गोष्ट आहे. सावकार राघव मुद्रा मोजून घेतो, पण त्याला आतून पोखरतो तो एकच प्रश्न: हा या आणतो कुठून? विनायक सतत मागे वळून बघत असतो. सोनं असलेला माणूस या सिनेमात कोणाशेजारी निवांत बसूच शकत नाही.

'डिटेक्टरिस्ट्स'मध्येही संशय आहे. पहिल्या सीझनमध्ये शेतमालक बिशपने आपल्या बायकोला मारून पुरलंय अशी गावात कुजबुज असते. पण तिथे संशय विनोदासाठी येतो. भाग संपेपर्यंत त्याची हवा निघून जाते. संशयाने कोणाची नोकरी जात नाही.

आता मंडई.

मित्राच्या कुटुंबाचा मंडईत गाळा आहे, कांदे-बटाटे-लसूण. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले आणि तो ओट्यावर बसायला लागला. वडिलांची एक अंगठी होती, साधी, वेढ्यासारखी. २००९ मध्ये, मित्र तेव्हा शाळेत होता, ती अंगठी हरवली. वडील गोणीत हात घालताना ती काढून फडक्यावर ठेवायचे. एका संध्याकाळी फडकं होतं, अंगठी नव्हती. गाळ्यावर एक पोरगा कामाला होता, मित्रापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्याला कोणी चोर म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या आठवड्यापासून 'तू येऊ नकोस' म्हटलं. तो पोरगा आता मार्केट यार्डात हमाली करतो. मित्र पहाटे माल घ्यायला गुलटेकडीला जातो तेव्हा तो दिसतो. दोघं एकमेकांना मान हलवतात.

ओट्याच्या फळ्यांखाली एक फट आहे. चाळीस वर्षं त्या फटीतून चिल्लर खाली जातेय. अंगठीही तिथेच गेली असेल का, हा प्रश्न वडील असताना विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. मालिका बघून झाल्यावर मित्राने यंत्र मागवलं आणि मला म्हणाला, "रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. येशील का?"

म्हणजे माझ्या मित्राला सोनं नको होतं. त्याला खरं तर काय सापडलेलं चाललं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं. अंगठी सापडली तर वडील चुकले. नाही सापडली तर काहीच कळलं नाही.

महात्मा फुले मंडई ही पुरातत्त्वाची जागा नाही, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे तिथे आधी खासगीवाल्यांची बाग होती. म्हणजे तसं पाहिलं तर आम्ही त्या दिवशी दोन बागांमध्ये गेलो. पुण्याच्या बागांचं हेच झालंय. तुळशीबाग, बेलबाग, नातूबाग: नावात बाग, जागेवर दुकानं. उलट सारसबागेत आज जिथे हिरवळ आहे तिथे तळं होतं. १८८० च्या दशकात इथली इमारत बांधली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला 'रे मार्केट' म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. ज्या जोतिराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. शाळांना पैसा नसताना बाजाराला कशाला, असा त्यांचा सवाल होता. पुण्याला असले विनोद करायची सवय आहे.

आणि त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर, मेट्रोच्या खोदकामात, मोठ्या जनावराची हाडं निघाली होती. हत्तीची असावीत असं तेव्हा म्हटलं गेलं. क्रूकचा कॅमेरा मातीतून खाली जातो तसं पुण्यात खरंच कोणी खाली गेलं असेल तर ते मेट्रोचं यंत्र. शेतकी महाविद्यालयापासून स्वारगेटपर्यंत सुमारे सहा किलोमीटर. आमचं डिटेक्टर वीतभर खोल बघतं.

दुपारी दोन. मित्राने गोणपाट बाजूला केलं, तागडी उचलून शेजारच्या गाळ्यावर ठेवली. यंत्र चालू केलं आणि ते वाजायचं थांबेचना. ओट्याच्या खिळ्यांवर वाजलं, लोखंडी पट्टीवर वाजलं, शेजारच्या वजनांवर वाजलं, माझ्या बांगडीवर वाजलं. मंडईत ते यंत्र आंधळ्यासारखं होतं. इंग्लंडच्या त्या शेतात त्याला ऐकू येतं कारण तिथे शांतता आहे. आम्ही ते बंद केलं आणि सरळ दोन फळ्या उचलल्या.

लसणाच्या पाकळ्यांच्या सालींचा हातभर गादीसारखा थर. सुतळी. रबरबँड. एक पेन. मोबाइलची बॅटरी, जुनी, काढता यायची तसली. मित्र हाताने चाळत होता. मी टॉर्च धरला होता. आणि मग नाणी.

तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आल्या. त्या या भागातले बोळ झाडतात. त्यांनी आधी झाडूच्या दांड्यावर हात टेकून बघितलं.

"काय शोधतोस रे?"

"बाबांचं काहीतरी पडलं होतं, मावशी."

"फळीखालचं राहिलंय होय." असं म्हणाल्या जसं काही एखादी राहिलेली शिवण. "बाकी सगळं आम्ही बघतो रोज."

या वाक्यानंतर मला मालिका वेगळी दिसायला लागली. मंडईतली, तुळशीबागेतली, लक्ष्मी रोडवरची जमीन शोधून झालेली आहे. दररोज शोधून होते. आमच्यासारख्यांनी यंत्र आणायच्या आत, पहाटे. सोन्या मारुती चौकापासून रविवार पेठेपर्यंत सराफांच्या दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ झारेकरी गोळा करतात, धुतात, आटवतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. सोनाराच्या बोटांवरून, कपड्यांवरून, झाडूवरून पडलेलं सोनं. दोरीला चुंबक बांधून रस्त्यावरून ओढत नेणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. रुपयाची नाणी १९९२ पासून स्टेनलेस स्टीलची निघू लागली, ती चुंबकाला चिकटतात. आधीच्या तांबं-निकेलच्या चिकटत नसत. म्हणजे या पोरांच्या धंद्यालाही टांकसाळीचा इतिहास आहे. पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेचं १९९३ पासूनचं नावच बघा: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुण्यातल्या शोधकांचा क्लब म्हणायचा तर हा. त्यांच्या बैठकीत बटणांवर व्याख्यान होत नाही.

'डिटेक्टरिस्ट्स'मधली माती श्रीमंत आहे ती सोन्यामुळे नाही. ती श्रीमंत आहे कारण तिच्यावर पडलेलं उचलायची गेल्या हजार वर्षांत कोणाला इतकी निकड पडली नाही. मालिकेतला निवांतपणा लान्स आणि अँडीचा वाटतो, पण त्यांना तो जमिनीने दिलाय. क्रूकला हे अर्धवट कळलंय असं मला वाटतं. त्याने दोघांना गरीब ठेवलंय: भाड्याची चिंता, एजन्सीचं काम, हप्ते. पण शेताच्या कुंपणाआत शिरलं की ती चिंता बाहेर राहते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी लान्सला खरोखर सोनं सापडतं आणि तो नाचतो. टोबी जोन्स तो नाच असा करतो की डोळ्यात पाणी येतं. तरी मला ती तडजोड वाटते. पहिल्या सीझनने जे अडवून धरलं होतं ते दुसऱ्याने देऊन टाकलं. आणि तिसऱ्याच्या शेवटी तर झाडावरून नाणी पडतात. मित्राचं यावर अजिबात ऐकून घ्यायची तयारी नाही. "त्यांना एकदा तरी मिळू दे ना," तो म्हणतो.

बायकांचंही सांगायला हवं. अँडीची बायको बेकी हुशार आहे, तिला उत्तम वाक्यं आहेत, पण ती बहुतेक वेळा घरात वाट बघते. क्लबात वर्डी नावाची एक बाई आहे, ती बोलतच नाही, आणि ते न बोलणं हाच विनोद. मंडईच्या जमिनीबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेली व्यक्ती झाडू घेऊन माझ्यासमोर उभी होती आणि बोलायची थांबत नव्हती. कुठल्या गाळ्याखाली काय पडतं, दिवाळीत कुठे जास्त मिळतं, कोण गाळेवाला हिशेब मागतो, कोण 'राहू द्या' म्हणतो.

पुण्यात छंद म्हणून शोधणारे झालेच नाहीत असं नाही. मंडईपासून हाकेच्या अंतरावर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर, सगळ्यांचे काका, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे आणि जुन्या वाड्यांतून अडकित्ते, वज्र्या, दिवे, कुलपं, करंडे गोळा करायचे. राजामहाराजांच्या वस्तू नव्हेत, घरातल्या. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं: राजा. १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. लान्सला जर पुण्यात कुठे नेलं तर मी तिथे नेईन. अडकित्त्यांच्या कपाटापुढे तो तासभर उभा राहील. फरक इतकाच की काकांनी जमिनीत शोधलं नाही. त्यांनी माणसांकडे शोधलं, दार वाजवून, आणि प्रत्येक वस्तूमागे ती देणारा कोणीतरी होता.

फळीखाली आम्हाला मिळालं ते असं: रुपयाची चार, आठ आण्यांची तीन, चार आण्यांची पाच, वीस पैशाचं एक षटकोनी, दहा पैशाची चार, कडा नागमोडी असलेली, ॲल्युमिनियमची, हातात घेतली तर कागदासारखी हलकी. मित्राने ओट्यावर रांग लावली आणि सवयीने बेरीज केली. सात रुपये पस्तीस पैसे.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. त्यानुसार 'निधी' म्हणजे जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपलेली, कितीही किमतीची वस्तू. किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद. मी हे मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोन रुपये पासष्ट पैशांनी वाचलो होतो.

अंगठी नव्हती. मित्राने तिसरी फळीही उचलली, जी उचलायचं आधी ठरलं नव्हतं. तिच्याखाली सपाट दगड होता, फट नव्हती, काही पडायला जागाच नव्हती. त्याने यंत्र पुन्हा चालू केलं, सालींच्या ढिगाऱ्यावरून सावकाश फिरवलं. एकदा वाजलं. तो गुडघ्यावर बसला, चिमटीत उचललं, फुंकर मारली. थंडाच्या डब्याची कडी.

आम्ही दोघं हसलो. म्हणजे मी हसले. त्याने ती कडी करंगळीत घालून पाहिली, पेरापर्यंत गेली, मग काढून नाण्यांच्या रांगेत ठेवली.

"त्या पोराचं नाव काय होतं?" मावशींनी विचारलं. कोणता पोरगा हे आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मित्राने नाव सांगितलं.

"हं," मावशी म्हणाल्या. "त्याची आई माझ्याबरोबर होती झाडायला. लई दिवस विचारायची, अंगठी मिळाली का म्हणून." मग त्यांनी रांगेकडे पाहिलं. "खालचं आमचं असतं, माहितेय ना तुला?"

"घ्या ना मावशी."

त्यांनी चारही रुपये उचलले. बाकीच्यांना हात लावला नाही. "ते कोण घेत नाही आता," असं म्हणून त्या पुढच्या बोळात गेल्या. मित्राने फळ्या बसवल्या, गोणपाट पसरलं, तागडी परत आणली. एक बाई पाव किलो लसणाचा भाव विचारत उभी होती.